कुत्र्याचे मागचे पाय लुळे पडू लागले? या चुका टाळा

आमच्या ब्रूनोचं दुखणं डोळ्यांआधी कानांना कळलं. रस्त्यावर चालताना त्याच्या मागच्या पायांची नखं खर्र खर्र घासायची. नऊ वर्षांचा जर्मन शेफर्ड, त्यामुळे सगळे म्हणतात तेच आम्हीही म्हणालो, "म्हातारा झाला." तीन महिने संधिवाताच्या गोळ्या दिल्या. निघाली डीजनरेटिव्ह मायलोपॅथी, डॉक्टरांच्या तोंडी नुसतं "डीएम". यात मेंदूचा निरोप पायांपर्यंत नेणारे मज्जारज्जूतले तंतू हळूहळू झिजत जातात. २००९ मध्ये या कुत्र्यांत एसओडी१ जनुकातला दोष सापडला. माणसांतल्या एएलएसच्या, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या नसा हळूहळू मरत जाणाऱ्या आजाराच्या, काही रुग्णांतही याच जनुकात दोष असतो. आजार थांबवणारं औषध आज नाही, पण हातात बरंच काही असतं. आमच्या बहुतेक चुका एकाच जातीच्या होत्या : आजार पुढच्या पायरीवर गेलेला आणि आम्ही अजून मागच्याच पायरीची सोय करत बसलेलो.

संधिवात समजून वेळ घालवणं

संधिवाताचा कुत्रा उठताना कण्हतो, चार पावलं चालला की मोकळा होतो आणि पाऊल मात्र सरळ टाकतो. डीएममध्ये दुखत नाही. कुत्रा आनंदात असतो, शेपूट हलवतो, पण मागचा भाग झुलतो, पाय एकमेकांत अडकतात, पंजा उलटा पडतो. मधल्या दोन नखांची टोकं सगळ्यात आधी झिजतात. घरी एक करून बघा : तो उभा असताना पोटाखाली हाताचा आधार द्या आणि मागचा एक पंजा अलगद उलटा, वरची बाजू जमिनीला लागेल असा ठेवा. निरोगी कुत्रा लगेच सरळ करतो. त्याने तसाच राहू दिला, तर दुखणं सांध्याचं नसून नसांचं असण्याची शक्यता मोठी. वय बहुतेक वेळा आठच्या पुढचं असतं. जर्मन शेफर्ड, बॉक्सर, कॉर्गी यांच्यात हा आजार जास्त दिसतो.

उलटी चूकही तितकीच महागात पडते. इंटरनेटवर वाचून "डीएमच आहे, इलाज नाही" असं ठरवू नका. मणक्यातली चकती सरकली तरी चित्र असंच दिसू शकतं, आणि तिच्यावर शस्त्रक्रिया होते. डीएम आठवड्या-महिन्यांनी पुढे सरकतो. काल धावणारा कुत्रा आज उठतच नसेल, पाठीला हात लावला की केकाटत असेल किंवा त्याची लघवी तुंबली असेल, तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात डॉक्टरांकडे न्या. साध्या एक्स-रेत मज्जारज्जू दिसत नाही. एमआरआय करून बाकीची कारणं एकेक बाद करावी लागतात. जनुक चाचणीत एसओडी१च्या, आईकडून एक आणि बापाकडून एक आलेल्या, दोन्ही प्रती सदोष आल्या तरी त्याचा अर्थ धोका आहे एवढाच. असे कितीतरी कुत्रे आयुष्यभर ठणठणीत राहतात.

घरातल्या गोळ्या

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या माणसांच्या गोळ्या कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव करतात, मूत्रपिंडं बिघडवतात. स्टेरॉइडसोबत दिल्या तर धोका आणखी वाढतो. मुळात न दुखणाऱ्या आजाराला वेदनाशामक कशाला? आणि नुसतं स्टेरॉइड महिनोन् महिने दिलं तर स्नायू झिजतात. ज्या स्नायूंवर पुढची सगळी भिस्त असते, तेच.

"बिचारा दमतो, पडू दे"

आमच्या आईचं हे रोजचं वाक्य, आणि सगळ्यात प्रेमळ चूक. स्वित्झर्लंडमधल्या २००६ च्या एका अभ्यासात डीएमचे २२ कुत्रे होते. रोज कसून फिजिओथेरपी मिळालेले सरासरी २५५ दिवस जगले, मध्यम मिळालेले १३०, अजिबात न मिळालेले ५५. अभ्यास छोटा आहे, आणि रोज व्यायाम करून घेणारा मालक इतर बाबतीतही चिवटच असणार, हेही धरून चाला. तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

एकच लांबलचक फेरी नको. दहा-दहा मिनिटांच्या चार-पाच फेऱ्या, मातीवर किंवा गवतावर, अगदी सावकाश. वेगात चालला की तो पुढच्या पायांवर सगळं रेटून नेतो. सावकाश चालला तरच मागचं पाऊल टाकण्याचं काम त्याला करावं लागतं. घरी कुशीवर झोपवून मागचे पाय सायकल चालवल्यासारखे फिरवा. पोहणं उत्तम, पण लाइफ जॅकेटशिवाय नाही, कारण मागचा भाग बुडतो. गावच्या विहिरीत सोडण्याचा मोह आवरा.

व्यायामासोबत वजनही बघा. दयेपोटी दिलेलं प्रत्येक बिस्किट पुढच्या दोन पायांवर बसतं. बरगड्या हाताला सहज लागायला हव्यात.

फरशी

आपल्याकडच्या गुळगुळीत टाइल्स या कुत्र्यांच्या वैरी आहेत. पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत योगा मॅट किंवा रबरी पायपुसण्यांची सलग वाट करा. मध्ये एक फूट टाइल उघडी राहिली तर तो नेमका तिथेच घसरतो. पंज्यांच्या गाद्यांमधले केस कापा. साधे मोजे घालू नका, ते टाइलवर आणखी सरकतात. बूट फक्त बाहेर, आणि घरी आल्यावर काढून आत खडा किंवा जखम नाही ना ते बघायचं. त्याला स्वतःला ते कळणार नाही.

आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सुरुवातीला पोटाखालून टॉवेल घालून उचलायचो. नर कुत्र्याला तो नको तिथे घासतो आणि मूत्राशयावर दाब येतो. मागच्या दोन्ही पायांतून जाणारा, वर मूठ असलेला हार्नेस घ्या. तोल राहील एवढाच वर धरा, पाय जमिनीला लागत राहिले पाहिजेत.

गाडी उशिरा आणणं

कुत्र्याच्या मागच्या भागाला आधार देणारी चाकांची गाडी मिळते. "गाडी लावली की पाय आळशी होतात" असं शेजाऱ्यांनी सांगितलं आणि आम्ही दोन महिने थांबलो. पाय गाडीमुळे जात नाहीत, आजारामुळे जातात. उलट तो थोडाफार चालत असतानाच गाडीची सवय लागते, आणि पंजे जमिनीला टेकतील अशी ती बसवली तर मागचे पायही हलत राहतात. पूर्ण लोळागोळा झालेल्या ब्रूनोला पट्ट्यांत अडकवलं तेव्हा तो घाबरून पुतळ्यासारखा उभा राहिला. पहिले दिवस पाचच मिनिटं, समोर आवडीचा खाऊ धरून. गाडीत त्याला बसता-लोळता येत नाही, म्हणून एकटं सोडायचं नाही.

ओलावा

यावर सगळ्यात जास्त लिहायला हवं, आणि याबद्दलच लोक कमी बोलतात. पुढच्या टप्प्यात लघवी-शीवरचा ताबा जातो. डायपर लावून ऑफिसला जाणं म्हणजे ओल्या कापडात त्याला आठ तास बांधून ठेवणं. कातडी लाल होते, सोलते. पोटाखालचे आणि शेपटीमागचे केस बारीक कापा. कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण कोरडं करा. फोमच्या गादीला रेक्झिनची खोळ, वर सुती चादर, दर चार तासांनी कूस बदलायची. मूत्राशय हाताने रिकामं करायला डॉक्टरांकडून शिकून घ्या, व्हिडिओ बघून नको. लघवीला उग्र वास आला किंवा ती गढूळ दिसली तर तपासून घ्या. संसर्ग झाला तरी तो कण्हणार नाही, कारण तिथली जाणीव कमी झालेली असते.

पावसाळ्यात माश्या ओल्या, घाण झालेल्या कातडीवर अंडी घालतात आणि दिवसभरात अळ्या पडतात. रोज संध्याकाळी शेपटी उचलून, टॉर्च लावून बघा. अळ्या दिसल्या तर रॉकेल, फिनाईल, डांबर गोळीची पूड यातलं काहीही टाकू नका. केस कापून, स्वच्छ करून तडक दवाखाना.

शेवटचा प्रश्न शेवटी विचारणं

मोठ्या कुत्र्यांत पहिल्या लक्षणांपासून साधारण सहा महिने ते वर्षभरात मागचे पाय पूर्ण जातात. त्यानंतर पाळी पुढच्या पायांची. भुंकणं बारीक होतं, गिळायला त्रास होतो. दयामरणाबद्दल डॉक्टरांशी तो अजून चालत असतानाच बोला : कोणती लक्षणं दिसली की थांबायचं, इंजेक्शनला ते घरी येतील का, रात्री फोन केला तर चालेल का, नंतरची व्यवस्था कुठे होते. आम्ही यातलं काहीच विचारलं नव्हतं. पस्तीस किलोचा कुत्रा चादरीत घालून चौघांनी तीन जिने उतरवला, आणि खाली पोचल्यावर कळलं, डॉक्टर घरी आले असते.