कॅबिनेटला काच लावू की अ‍ॅक्रिलिक?

रत्नागिरीत माझं पाट्या बनवायचं दुकान आहे. अ‍ॅक्रिलिकची अक्षरं, दिव्याच्या पाट्या, घरांची नावं अशी कामं असतात. मे महिन्यात मुंबईची पोरं गावी आली की एखादा तरी मोबाइलवरचं चित्र दाखवत विचारतो, "ताई, जुन्या पार्लरसारखं व्हिडिओ गेमचं कॅबिनेट बनवतोय. काच लावू की प्लास्टिक?" मी विचारते, लावायचंय कुठे? झाकणं तीन असतात: पडद्यापुढे, बटणांच्या फळीवर आणि वरच्या उजेडाच्या पाटीला. तिन्हीकडे एकच शीट चालत नाही.

पडद्यापुढे माझं मत टफन काचेला, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेला. ती चरे धरत नाही, पुसायला सोपी, आणि फुटलीच तर बारीक बोथट तुकडे होतात. साधी काच स्वस्त पडते, पण तिचे सुरे होतात, म्हणून पोरं खेळणार तिथे ती नको. टफन काच नंतर कापताही येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही. त्यामुळे आधी सुताराकडून चौकट पुरी करून घ्या, मग माप द्या. चारही बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा, कारण घरी जोडलेली चौकट क्वचितच काटकोनात असते. प्रत्येक बाजूला दोन मिलिमीटर सैल ठेवा, कडा घासून मागा आणि काच रबरी पट्टीत बसवा. टफन काच मधोमध बुक्की सोसेल, पण कोपरा लादीवर टेकला की संपली.

वजनही बघा. 24 बाय 18 इंचांची 4 मिमी काच पावणेतीन किलोच्या आसपास भरते, तेवढीच 3 मिमी अ‍ॅक्रिलिक एक किलो. कॅबिनेट टेबलावर ठेवायचं छोटं असेल तर अ‍ॅक्रिलिकच घ्या. मॉनिटरच्या कडा लपवायला फिकट धुरकट शीट छान दिसते, गडद घेतलीत तर चित्र मरतं. मॅट शीट मात्र पडद्याला जवळजवळ चिकटून असेल तरच बरी, अंतर राहिलं की सगळं धूसर. आत जुना ट्यूबवाला टीव्ही बसवणार असाल तर त्याचं खोकं स्वतः उघडू नका, बंद केल्यावरही आत जोराचा करंट साठून राहतो.

आता बटणांची फळी. इथे मनगटं घासतात, घाम लागतो, वरून ठोसे पडतात. छापील चित्रावर दीड-दोन मिमी पॉलिकार्बोनेट टाका, हे अ‍ॅक्रिलिकसारखंच दिसणारं पण चिवट प्लास्टिक. ते वाकतं, तडकत नाही. चरे मात्र अ‍ॅक्रिलिकपेक्षा लवकर पडतात, म्हणून वरून कडक थर दिलेलं मिळालं तर थोडे जास्त पैसे टाका. दुकानदाराने दिलेली शीट नक्की कुठली, हे कळायला एक फालतू तुकडा मागून वाकवा: पॉलिकार्बोनेट दुमडतं, अ‍ॅक्रिलिक काडकन मोडतं. डोळे जपून.

लेझरवाल्याकडे अ‍ॅक्रिलिक सुरेख कापलं जातं, पॉलिकार्बोनेटच्या कडा पिवळ्या-काळ्या होतात. त्याला सुताराचं राउटर मशीन किंवा होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) बरा. बटणं बहुतेक 30 मिमीची, स्टार्टची 24. शीटचं भोक एक मिलिमीटर मोठं ठेवा, बटणाची कडा ते झाकते. शीटवर चिकटवलेला कागद काढू नका, खाली टाकाऊ प्लाय घ्या, क्लॅम्पने आवळा, ड्रिल हळू चालवा आणि शेवटी जोर कमी करा. अ‍ॅक्रिलिक बहुतेक वेळा ड्रिल पलीकडे निघतानाच तडकतं.

भोक सैल ठेवायचं कारण उन्हाळा. दोन फुटांची अ‍ॅक्रिलिक शीट 20 अंशांच्या फरकाला जवळजवळ एक मिलिमीटर फुगते. स्क्रू घट्ट आवळलात तर ती फुगवटा धरते किंवा भोकापासून चीर सुटते.

वरच्या पाटीला, म्हणजे माझ्या धंद्याच्या गोष्टीला, 3 मिमी दुधी अ‍ॅक्रिलिक मागे आणि पारदर्शक पुढे, मध्ये बॅकलिट प्रिंट, म्हणजे मागून उजेड पाडायची छपाई. एलईडी पट्टी शीटपासून दोन-तीन इंच मागे ठेवा, नाहीतर दिव्यांचे ठिपके मोजता येतात.

आपल्याकडे खरी परीक्षा जूनपासून. दोन शीटमध्ये ओल शिरली की प्रिंटवर बुरशी येते. म्हणून प्रिंट कोरड्या दिवशी बसवा आणि कडा पट्टीने बंद करा. सिलिकॉन लावायचं तर न्यूट्रल घ्या, व्हिनेगरसारखा वास येणारं नको. स्क्रू स्टेनलेसचे, समुद्राजवळ घर असेल तर 316 ग्रेडच्या स्टेनलेसचे. काच घेताना उजेडात तिरकी धरून बघा, पावसात एकावर एक रचून ठेवलेल्या काचांवर इंद्रधनुषी डाग पडलेले असतात आणि ते पुसून जात नाहीत.

पुसायला पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब आणि मऊ कापड पुरे. अमोनियाचे स्प्रे, स्पिरिट, थिनर अ‍ॅक्रिलिकला बारीक भेगा पाडतात. आणि पोरांनी फणसाचे गरे खाऊन चिकाच्या हातांनी खेळ मांडला तर रॉकेल घेऊन धावू नका. त्यांच्या हातांना आधी खोबरेल चोळा, मग खेळू द्या.