लेक्चर रेकॉर्ड तर केलं, पण ऐकणार कधी?

बारावीनंतर १५ वर्षांनी जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, ॲडमिशन घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की हात चालतच नाही, मॅडम पुढच्या स्लाइडवर आणि मी अजून आधीच्या हेडिंगवर. मग मॅडमना विचारून सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करायला लागले, पण रात्री पोरं झोपल्यावर ऐकायला बसावं तर नुसती पंख्याची घरघर, आणि तासभर परत ऐकायला वेळ कुणाकडे! आता फोन पहिल्या बाकावर रुमालावर ठेवते आणि वहीत जिथे सुटलं तिथे फक्त मिनिट टाकते, '२३ - इन्सुलिन' असं. रात्री तेवढंच ऐकते. त्यातच सापडलं, इन्सुलिनच्या ४० युनिटच्या (एका मिलीत ४० युनिट) व्हायलला, म्हणजे छोट्या बाटलीला, लाल झाकणाची ४० चीच सिरिंज, केशरी झाकणाची १०० ची नाही. वॉर्डात मात्र रेकॉर्डिंग अजिबात नाही, पेशंटचं बोलणं येतं ना त्यात, तिथे खिशातली छोटी डायरी.