पुण्यात राहायला येताय? आधी हद्द विचारा, आणि या चुका टाळा

पुण्यात घर शोधणारा माणूस भाडं विचारतो, ऑफिस किती लांब ते नकाशावर बघतो, पाण्याचं काय ते वॉचमनला विचारतो. हे घर नक्की कोणाच्या हद्दीत आहे, हे मात्र फारसं कोणी विचारत नाही. पत्त्यात शेवटी ‘पुणे’ असतं आणि तेवढ्यावर भागतं. सोसायटीचा सचिव म्हणून नव्या लोकांच्या ज्या अडचणी माझ्याकडे येतात, त्यातल्या निम्म्याशिम्म्या इथेच सुरू होतात. उरलेल्या बहुतेक ‘एजंट बघून घेईल’ या भरवशावर.

पत्ता पुण्याचा, हद्द भलतीच

बाणेर-बालेवाडी पुणे महापालिकेत. मुळा नदी ओलांडून वाकडला गेलात की पिंपरी-चिंचवड महापालिका. तिथून हिंजवडीत शिरलात की गावाला ग्रामपंचायत, आयटी पार्क एमआयडीसीचं आणि बांधकामाची परवानगी पीएमआरडीएची, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची. कॅम्पात घर घेतलंत तर पुणे कॅन्टोन्मेंट बोर्ड. खडकी आणि देहूरोडची बोर्डं आणखी वेगळी. त्यात पुणे महापालिकेने २०१७ मध्ये ११ गावं पोटात घेतली, २०२१ मध्ये आणखी २३. वाघोली, सूस, म्हाळुंगे ही त्या दुसऱ्या खेपेतली. उरुळी देवाची आणि फुरसुंगी आधी आत घेतली, मग बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद केली. इथे जन्म काढलेल्या माणसाचाही गोंधळ उडतो, नव्याने काय करावं!

पोलिसांचंही तसंच. पिंपरी-चिंचवडचं पोलीस आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे आणि हिंजवडी त्यांच्याकडे येते. म्हणजे कचरा एकाकडे, रस्ता दुसऱ्याकडे, तक्रार तिसऱ्याकडे, असं एकाच इमारतीच्या बाबतीत होऊ शकतं. पुणे महापालिकेच्या ॲपवर वाकडच्या खड्ड्याची तक्रार टाकून आठवडाभर वाट बघणारे लोक आहेत. त्यांनी पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या ‘सारथी’ या तक्रार सेवेकडे जायला हवं होतं.

यावर साधा उपाय आहे. घर भाड्याने घेत असा की विकत, मालकाकडून चालू वर्षाचं मिळकत कराचं बिल मागा. बिलाच्या डोक्यावर ज्या संस्थेचं नाव, तिची हद्द. विकत घेणाऱ्याला थकबाकीही त्याच कागदावर दिसते, आणि ती बघायलाच हवी, कारण कराची थकबाकी मिळकतीवर बसते. जुना मालक पैसे घेऊन निघून गेला तरी नोटीस घराच्या दारावरच लागणार. पुणे महापालिकेत असाल तर आपलं क्षेत्रीय कार्यालय कोणतं तेही तेव्हाच विचारून ठेवा. अशी १५ कार्यालयं आहेत. बहुतेक कामं तिथेच होतात, शिवाजीनगरच्या मुख्य इमारतीत हेलपाटा मारायची वेळ क्वचित येते.

‘अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला?’

ही चूक परराज्यातून येणारे हमखास करतात, कारण त्यांच्याकडे तसं चालत असतं. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची नाही, हा देशभराचा समज. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चं कलम ५५ आहे. त्यानुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घरभाड्याचा आपला नेहमीचा करार, लेखी हवा आणि नोंदवलेलाही हवा, मुदत कितीही असो. नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद उभा राहिला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोंदणी टाळून मालक स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का मारून आणणाऱ्या मालकाला हे कलम शांतपणे दाखवा. बहुतेक ऐकतात.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज कल्पून ती रक्कमही त्यात धरतात. समजा, भाडं २५,००० आणि अनामत ७५,०००, मुदत ११ महिने. मुद्रांक शुल्क येईल सातशे रुपयांच्या आसपास. त्यावर महापालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये, ग्रामीण भागात ५००. बाकी जे काही एजंट सांगतो ते कागदपत्रं हाताळण्याचं किरकोळ शुल्क आणि त्याची स्वतःची फी. ती फी घासाघीस करण्याजोगी असते, हे तो अर्थातच सांगणार नाही.

करार घरबसल्या होतो. एजंटचा मुलगा लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, आधार क्रमांक टाकतो, ‘इथे अंगठा ठेवा’ म्हणतो, आणि दहा मिनिटांत जोडा घालून पुढच्या घरी. त्या दहा मिनिटांत करार कोणीच वाचत नाही. मसुदा आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मागून घ्या आणि चार जागा वाचा: अनामत किती दिवसांत परत, रंगकामाचे पैसे कोणाचे, मुदतीआधी सोडलं तर काय, आणि सोसायटीचा देखभाल खर्च कोणाकडे. घर सोडताना होणारी भांडणं बहुतेक या चार ओळींवरूनच होतात.

मुदत संपल्यावरही राहात राहणं महागात पडतं. त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि मुदतीनंतरच्या काळाचं शुल्क दुप्पट दराने लागू शकतं. ‘पुढच्या महिन्यात नवीन करार करू’ असं तोंडी ठरलं असेल, तर निदान एक लेखी मेसेज मालकाकडून घ्या.

पोलिसांना कळवलं असं गृहीत धरणं

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची असते. त्याचे आदेश पोलीस आयुक्त वेळोवेळी काढतात आणि न कळवणं हा गुन्हा ठरतो. जबाबदारी मालकाची, पण खोळंबा भाडेकरूचा. पासपोर्टच्या पडताळणीला पोलीस येतात आणि विचारतात, ‘इथे कधीपासून राहता, कागद दाखवा’. करार नोंदवला म्हणजे हे आपोआप झालं असं समजू नका. माहिती ऑनलाइन भरता येते. भरल्यावर मिळणारी पोचपावती मालकाकडून मागून करारासोबत ठेवा. पोलीस ठाणं कोणतं, हे पुन्हा हद्दीवर.

सोसायटीचा नियम म्हणजे कायदा नव्हे

इथे मी माझ्याच जातभाईंविरुद्ध बोलणार आहे. सोसायट्यांचे पदाधिकारी नव्या माणसाला एक छापील कागद देतात आणि त्यातली प्रत्येक ओळ कायदा असल्यासारखे बोलतात. तसं नसतं.

सहकार खात्याच्या आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायटीचे नमुना बायलॉज) सभासदाला फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. त्याने आधी कळवायचं असतं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची असते, बस. बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहात नसल्याबद्दल सोसायटी घेते ते, सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते मालकाकडून घ्यायचं, भाडेकरूच्या माथी मारायचं नाही. फ्लॅट विकत घेताना हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट नव्या नावावर करण्यासाठी सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये. ‘बिल्डिंग फंडाला स्वेच्छेने’ म्हणून लाखभर मागितले तर पावतीवर काय लिहिणार ते विचारा. तिथेच रक्कम खाली येते. ‘अविवाहितांना घर नाही’ असं कलम आदर्श उपविधींत नाही. तरी पाट्या लागतात, हेही खरं.

एक मेख आहे. पुण्यात कित्येक इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट असतात, म्हणजे १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालच्या. तिथे वर सांगितलेले उपविधी लागू नाहीत, डीड ऑफ डिक्लरेशन, म्हणजे इमारतीचं नोंदवलेलं घोषणापत्र, लागू. वाद घालायला जाण्याआधी पाटीवर ‘सहकारी गृहरचना संस्था’ आहे की ‘अपार्टमेंट’, ते वाचा.

उलटीही चूक होते. सोसायटीने हो म्हटलं म्हणून लोक बाल्कनी बंद करून घेतात, गच्चीवर पत्र्याची शेड टाकतात, आतली भिंत पाडतात. सोसायटीच्या ठरावाने बांधकाम अधिकृत होत नाही. महापालिकेची परवानगी वेगळी लागते, आणि नोटीस आली की ठराव करणारी कमिटी तोवर बदललेली असते.

कचरा: सगळ्यात लहान चूक, सगळ्यात लवकर भांडण

पुण्यातला बराचसा कचरा ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद दारातून गोळा करतात. त्याचं दरमहा शुल्क घरटी द्यायचं असतं. हे कचरावेचक पगारावर नाहीत. सुका कचरा विकून येणारे पैसेही त्यांचेच. त्यामुळे ओला-सुका एकत्र करून दिलात की नियम मोडतोच, वर समोरच्या बाईची कमाईही भिजते. ताक सांडलेलं पुठ्ठ्याचं खोकं कोणी विकत घेत नाही.

सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायचा आणि वेगळे द्यायचे, ही पुण्याची पद्धत. उघड्या हाताने कचरा निवडणाऱ्या माणसाला तो ठिपका पाहून आत काय आहे ते कळतं. घरात शिफ्टिंगच्या दिवशी निघालेली खोकी, थर्माकोल, फुटकी बादली असा ढीग रस्त्याच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवू नका. दंड होतोच, आणि कॅमेरे बरेच आहेत. गादी किंवा जुनी खुर्ची असेल तर कचरा घेणाऱ्या ताईंना किंवा क्षेत्रीय कार्यालयाच्या आरोग्य कोठीवर (सफाई कर्मचाऱ्यांच्या चौकीवर) विचारा. कचरा जाळणं तर अजिबात नको, सुका पालासुद्धा.

आणि मंडईत जाताना पिशवी न्या. राज्यातली प्लॅस्टिकबंदी मार्च २०१८ ची आहे. पहिल्या वेळी दंड ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००. पिशवी अजूनही सर्रास मिळते म्हणून बंदी उठली असं नाही.

स्वतःच्या घरात राहूनही पूर्ण कर भरणं

पुणे महापालिकेत मालक स्वतः घरात राहात असेल तर मिळकत करात ४० टक्के सवलत आहे. १९७० पासूनची ही सवलत २०१९ मध्ये बंद केली होती, २०२३ मध्ये शासनाने पुन्हा दिली. नव्या फ्लॅटला ती आपोआप लागेल या भ्रमात अनेकजण राहतात. पीटी-३ अर्ज भरावा लागतो आणि स्वतः राहता याचा पुरावा जोडावा लागतो: सोसायटीचा दाखला, मतदार ओळखपत्र, गॅसकार्ड असं काहीतरी. घर भाड्याने दिलंत तर सवलत जाते. बिल पूर्ण रकमेचं आलं असेल तर आधी आपल्या मिळकतीचा पीटी-३ भरला आहे का ते करसंकलन विभागात तपासा. बिलात तक्रार आहे म्हणून भरणाच थांबवणं हा उपाय नाही, कारण थकल्यावर दरमहा २ टक्के शास्ती चढत राहते.

गाडी

परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची असेल तर पुन्हा नोंदणी करावी लागते. मूळ आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र निघण्याआधीच लोक इकडे येतात आणि मग त्या एका कागदासाठी गावी खेपा घालतात. सामान बांधायला घेण्याआधीच तो अर्ज टाका. इथला कर भरल्यावर तिकडच्या उरलेल्या कराचा परतावा मागता येतो, चिकाटी असेल तर. महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या जिल्ह्यातून आलात तर नवा क्रमांक लागत नाही. एमएच-०९ ची गाडी पुण्यात खुशाल चालवा, फक्त पत्ता बदलून घ्या. त्याची मुदत ३० दिवस आहे.

मध्यवस्तीत गाडी लावताना पाटी नीट वाचा. ‘पी-१’ म्हणजे विषम तारखांना पार्किंग, ‘पी-२’ म्हणजे सम तारखांना. काल जिथे बिनघोर लावली तिथूनच आज उचलून नेतात. पेठेत घर घेतलं असेल तर सामानाचा ट्रक कोणत्या वेळी आत येऊ देतात, हे वाहतूकवाल्याकडून आधी पक्कं करा, आणि गणेशोत्सवाचे दहा दिवस तर टाळाच. शेवटच्या दिवसांत रस्ते बंद असतात आणि ट्रक स्वारगेटला अडकून बसतो. हेल्मेटबद्दल पुणेकर काहीही म्हणोत, कायद्यात ते आहे आणि चलन मोबाइलवर येतं.

बाकी किरकोळ वाटणारं

कुत्रा आणत असाल तर महापालिकेचा परवाना काढा. रेबीजची लस दिल्याचा दाखला लागतो, आणि दरवर्षी नूतनीकरण. बंगल्याच्या आवारातलं झाड आपलंच असलं तरी तोडायला, फांद्या छाटायलासुद्धा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ चा कायदा खासगी जागेलाही लागू आहे. अर्ज उद्यान विभागात करायचा. खिडकीवर आलेली फांदी पावसाळ्याच्या तोंडावर कापायची असेल तर एप्रिलमध्येच अर्ज द्या. रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, गच्चीवरच्या वाढदिवसालाही. नळाला थेट मोटर लावू नका. शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं म्हणून ती जप्त होते, आणि तक्रार करणारा बहुधा खालच्या मजल्यावरचाच असतो. गुरुवारी पाणी बंद असल्याची बातमी बुधवारच्या पेपरात येते. टाकी आदल्या रात्रीच भरून ठेवा.