हापूसचा दर वेबसाइटवर आपोआप कसा बदलता ठेवावा

मार्चमध्ये पहिल्या पेट्या निघतात तेव्हाचा भाव आणि मे महिन्यात बागा भरभरून उतरतात तेव्हाचा भाव यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. पण देवगड-रत्नागिरीकडच्या एखाद्या बागेच्या वेबसाइटवर जाऊन बघा, गेल्या हंगामाचा दर तसाच असतो. बागायतदार आळशी असतो म्हणून नव्हे. दर बदलायचा तर वेबसाइट बनवणाऱ्याला फोन करावा लागतो आणि तो पुण्यात किंवा मुंबईत बसून आपल्या सवडीने बदलतो, म्हणून.

यावर उपाय असा की दर वेबसाइटमध्ये लिहायचाच नाही. तो गूगल शीटमध्ये, म्हणजे इंटरनेटवर ठेवलेल्या तक्त्याच्या फाइलीत, लिहायचा आणि वेबसाइटच्या पानाने तिथून उचलायचा. मग बागेत उभं राहून मोबाइलवरून आकडा बदलला की झालं. होमस्टेच्या रिकाम्या खोल्या किंवा मासळीचा दर यांसाठीही हीच रीत चालते.

आधी दोन फाइली करा

घरच्या शीटमध्ये गिऱ्हाइकांचे फोन नंबर, पत्ते, कोणाकडून किती येणं आहे असं सगळं असतं. तीच फाइल लोकांसमोर ठेवू नका. नको ते रकाने लपवले की काम भागलं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण फाइल बघायची परवानगी असलेला माणूस तिची प्रत काढून लपवलेले रकाने उघडू शकतो. दुकानातली वही वेगळी आणि बाहेर टांगलेला फळा वेगळा, तसंच इथेही ठेवायचं.

फळ्याच्या फाइलीत चार रकाने पुरतात: पेटी (चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी), दर, शिल्लक, शेवटचा बदल. पहिल्या ओळीत मथळे, त्याखाली माहिती. रंगरंगोटी करायला आणि खाने एकत्र जोडायला हात शिवशिवतो, पण जोडलेले खाने पुढे फार छळतात. शिल्लकीच्या रकान्यात ‘उपलब्ध’ आणि ‘संपले’ एवढ्याच पर्यायांचा ड्रॉपडाउन लावा. नाहीतर घरातला प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने लिहितो.

‘शेवटचा बदल’ या रकान्यात तारीख हातानेच लिहा. आजची तारीख आपोआप दाखवणारं ‘टुडे’ हे सूत्र तिथे घालू नका. दर आठवडाभर जुना असला तरी ते रोज नवी तारीख दाखवत राहील आणि गिऱ्हाईक फसेल.

दर घरच्या फाइलीतूनच यायला हवा असेल तर फळ्याच्या फाइलीत ‘इम्पोर्टरेंज’ हे सूत्र वापरा. त्यात आधी घरच्या फाइलीचा पत्ता आणि मग हव्या त्या खान्यांची हद्द द्यायची, दोन्ही अवतरणचिन्हांत. पहिल्यांदा चूक दिसेल. त्या खान्यावर जाऊन ‘अलाऊ अॅक्सेस’ दाबलं की आकडे येतात. फळ्याची फाइल बदलण्याचा हक्क मात्र बाहेरच्या कोणाला देऊ नका. एकदा ही जोडणी झाली की तिथे सूत्र लिहू शकणारा माणूस घरच्या फाइलीतलं बाकीचंही ओढू शकतो.

मग प्रसिद्ध करा

एवढ्या एका कामाला संगणक लागतो, मोबाइलच्या अॅपमध्ये ही सोय नाही. फळ्याची फाइल उघडा. ‘फाइल’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘पब्लिश टू वेब’. समोर ‘लिंक’ आणि ‘एम्बेड’ असे दोन भाग दिसतील. ‘एंटायर डॉक्युमेंट’ न निवडता फक्त दराचं पान निवडा, ‘एम्बेड’ घ्या, ‘पब्लिश’ दाबा. खालच्या सेटिंगमध्ये, बदल झाल्यावर पुन्हा आपोआप प्रसिद्ध करण्याच्या पर्यायावर खूण आहे ना, तेवढं बघा. नसेल तर पुढची सगळी मेहनत फुकट.

जो आयफ्रेमचा कोड (आपल्या पानात दुसरं पान दाखवणारा तुकडा) मिळेल तो कॉपी करा. वर्डप्रेसमध्ये ‘कस्टम एचटीएमएल’ नावाचा ब्लॉक घालून त्यात चिकटवा, ब्लॉगरवर एचटीएमएल दृश्यात. रुंदी शंभर टक्के ठेवा, कारण तुमचं गिऱ्हाईक बहुतेक मोबाइलवरच बघणार. कोडमधल्या पत्त्यात ‘विजेट’ आणि ‘हेडर्स’ यांपुढे ‘ट्रू’ असेल तिथे ‘फॉल्स’ केलं की खालची पट्टी आणि कडेचे ओळींचे आकडे जातात.

बहुतेकांचं काम इथेच संपतं. तक्ता दिसायला जरा रुक्ष असतो, पण दर खरा असतो.

एकच आकडा आपल्या अक्षरांत हवा असेल तर

‘आजचा दर’ असं मोठ्या अक्षरांत, तक्त्याशिवाय दाखवायचं असेल तर थोडी जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्रॅम, लागते. ‘लिंक’ या भागात वेब पेजऐवजी ‘कॉमा-सेपरेटेड व्हॅल्यूज’, म्हणजे सीएसव्ही, निवडा. मिळालेल्या पत्त्यावर नुसता मजकूर असतो, एका ओळीत एक नोंद आणि मध्ये स्वल्पविराम. पानातल्या स्क्रिप्टने ‘फेच’ या आज्ञेने तो आणायचा, ओळी सुट्या करायच्या, स्वल्पविरामावर तोडायच्या आणि हवा तो आकडा पानावरच्या जागी ठेवायचा.

यात एक काटा आहे. शीटमध्ये दर हजारांच्या स्वल्पविरामासह दिसत असेल तर सीएसव्हीतही तो तसाच येतो आणि २,५०० चे दोन तुकडे होतात. त्या रकान्याचं स्वरूप साधा आकडा असं ठेवा. आणि त्या जागी आधीपासून ‘दरासाठी फोन करा’ असं लिहून ठेवा. शीट आलीच नाही तर निदान रिकामी चौकट दिसणार नाही.

या कामाचे इंटरनेटवरचे जुने धडे वाचून डोकं फोडू नका. त्यांतले बरेचसे शीटच्या ज्या जुन्या सोयीवर उभे आहेत ती गूगलने ऑगस्ट २०२१ मध्ये बंद केली.

तपासणी

ब्राउझरची इन्कॉग्निटो खिडकी (जिथे तुमचं लॉगिन नसतं) उघडून आपलं पान बघा. लॉगिन मागत असेल तर तुम्ही प्रसिद्ध केलेला पत्ता न घेता फाइल संपादनाचा पत्ता चिकटवला आहे. संपादनाच्या पत्त्याच्या शेवटाकडे ‘एडिट’ असतं, प्रसिद्ध पत्त्यात ‘पब’ किंवा ‘पबएचटीएमएल’. मग मोबाइलवरून एक दर बदला आणि थांबा. बदल पानावर यायला काही मिनिटं लागतात, लगेच नाही दिसला म्हणून पुन्हा पुन्हा लिहीत बसू नका. बागेत नेटवर्क नसेल तर आधीच ऑफलाइन ठेवलेल्या फाइलीत लिहिलेला आकडा फोनला नेटवर्क मिळाल्यावर वर चढतो.

पाऊस सुरू झाला की ‘स्टॉप पब्लिशिंग’ दाबू नका, पानावर तक्त्याच्या जागी चूक झाल्याचा संदेश येईल. शिल्लकीच्या रकान्यात ‘संपले’ करा आणि दर पुसून तिथे ‘हंगाम संपला, आमरस आणि फणसपोळी मिळेल’ असं लिहा.