एकत्र प्रार्थनेला बसताय? मग या चुका टाळा

29 नोव्हेंबर 1970 ला आपल्या नागपुरातच, ऑल सेंट्स कॅथेड्रलला सहा ख्रिस्ती मंडळ्या (चर्च) एक होऊन सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, उभी राहिली, अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथॉडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि युनायटेड चर्च. त्याची बोलणी 1929 पासून सुरू होती, म्हणजे 41 वर्षं लोकं चर्चा करत होते, प्रार्थना करत होते. आणि त्याच शहरात आज एका गल्लीतल्या दोन मंडळ्या एकमेकींच्या सभेला जात नाहीत, मला याचं खूप वाईट वाटतं.

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रार्थनेतून दुसऱ्याला सुनावणं. "प्रभू, आमच्यातले काही जण उपासनेला उशिरा येतात, त्यांना जागं कर" असं कोणी म्हटलं की कोणाबद्दल बोलून राहिले हे डोळे मिटलेले असले तरी सगळ्यांना कळतं. मी हे स्वतः केलंय. आमच्या घरगुती सभेत गाणी कोणी निवडायची यावरून एका ताईंशी माझं वाजलं होतं, पुढच्या शुक्रवारी मी मोठ्यानं प्रार्थना केली की ज्यांच्या मनात अहंकार आहे त्यांना नम्र कर. आमेन झालं, ताईंनी बायबल पिशवीत टाकलं, चष्मा पुसला आणि चहा न घेता निघून गेल्या. मग कितीतरी शुक्रवार त्या आल्याच नाहीत.

शेवटी एप्रिलमध्ये मी त्यांच्या घरी गेलो. गच्चीवर कुरड्या वाळत होत्या, ताई चादर गोळा करून राहिल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी मी देवाशी बोललोच नाही, तुम्हाला बोललो, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "भाऊ, मग तेव्हाच मला सरळ सांगायचं ना," आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. मत्तय 5:23-24 मध्ये येशूनं हेच सांगितलंय, अर्पण वेदीजवळ ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. आपण हा क्रम उलटा करतो, म्हणून वर्षभर प्रार्थना करूनही गाठ सुटत नाही.

दुसरी चूक, प्रार्थनेची विनंती म्हणून लोकांच्या घरातल्या गोष्टी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं. कोणाच्या पोराचं दारूचं, कोणाच्या सुनेचं माहेरी जाणं, आधी त्या माणसाला विचारा आणि तो नाही म्हणाला तर "एका कुटुंबासाठी प्रार्थना करा" एवढं लिहा, देवाला पत्ता माहीत आहे.

कॅथलिक, सीएनआय, पेंटेकोस्टल असे सगळे एकत्र बसणार असाल तर तयारी लागते बरं का. येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना सगळ्यांना पाठ असते म्हणून आपण ती ठेवतो, पण कॅथलिक बांधव "वाईटापासून सोडव" नंतर थांबतात आणि आपण "कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव" म्हणत पुढे जातो, मग अर्धी खोली गप्प, अर्धी चालू, आणि थांबलेल्यांना उगाच ओशाळल्यासारखं होतं. सुरुवातीलाच कुठपर्यंत म्हणायचं ते सांगून टाका, किंवा एकच छापील कागद द्या. अन्य भाषेत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनं इतरांना न कळणाऱ्या भाषेत, मोठ्यानं प्रार्थना करायची असेल तर बायबलात 1 करिंथ 14 मध्ये पौलानं अर्थ सांगणारा हवा असं लिहिलंय, तो नसेल तर मनातल्या मनात करा. प्रभुभोजनाचे, म्हणजे उपासनेत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचे, नियमही वेगवेगळे आहेत, कॅथलिक मिस्सामध्ये (त्यांच्या उपासनेत) इतर मंडळ्यांचे लोक सहसा ते घेत नाहीत, तिथे जबरदस्ती करू नका, स्तोत्र आणि प्रार्थना एकत्र करायला कोणाचीच ना नसते.

वेळेचंही बघा. एकाच भाऊंनी वीस मिनिटं प्रार्थना केली की बाकीच्यांनी नुसतं आमेन म्हणायचं राहतं, आणि ज्या मावशी कधी बोलत नाहीत त्या कधीच बोलणार नाहीत. मराठी, हिंदी, तेलुगू, मल्याळम, ज्याला जी येते त्यात दोन वाक्यं म्हणू द्या.

आणि फक्त 18 ते 25 जानेवारीला, ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना सप्ताहातच एकमेकांची आठवण काढू नका. हा सप्ताह 1908 पासून चालू आहे, पण आपल्याकडे बोलावणं जातं आदल्या रात्री आणि मग कोणी आलं नाही म्हणून आपणच नाराज होतो. ऑक्टोबरमध्येच शेजारच्या मंडळीच्या पाळकांना (पास्टरांना) भेटा. नंबर नसेल तर रविवारी त्यांची उपासना सुटायच्या वेळी दाराशी जाऊन उभे राहा, सगळ्यांशी हात मिळवायला ते तिथेच येतात.