विकत घेतलेलं गाणं डेकवर वाजत नाही? कुलूपबंद फाइल डीजे सॉफ्टवेअरमध्ये आणण्याच्या पायऱ्या

गाणं डेकवर, म्हणजे डीजे सॉफ्टवेअरमधल्या प्लेअरवर, ओढलं, नाव दिसलं, पण वेव्हफॉर्मची (आवाजाच्या चढउताराच्या चित्राची) पट्टी कोरीच. प्ले दाबलं की सॉफ्टवेअर एका ओळीत सांगून मोकळं होतं: फाइल वाचता येत नाही. तेच गाणं त्याच लॅपटॉपवरच्या साध्या प्लेअरमध्ये मात्र खणखणीत वाजतं. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकण्यात अख्खी संध्याकाळ घालवली. सॉफ्टवेअरचा काही दोष नव्हता, फाइललाच कुलूप होतं.

साधा प्लेअर गाणं नुसतं वाजवतो. डीजे सॉफ्टवेअरला ते आतून पूर्ण उलगडून लागतं. त्याशिवाय बीपीएम (मिनिटाला किती ठोके) मोजता येत नाही, वेव्हफॉर्म काढता येत नाही आणि सूर न हलवता वेगही बदलता येत नाही. कुलूपबंद फाइल एनक्रिप्ट केलेली असते आणि तिची किल्ली ठरावीक प्लेअरलाच दिलेली असते. त्यामुळे सेटिंग्जमध्ये कितीही शोधलंत तरी उपयोग नाही. सेराटो, ट्रॅक्टर, रेकॉर्डबॉक्स, कोणतंही डीजे सॉफ्टवेअर घ्या, तीच गत.

पहिली पायरी: कोणत्या फायलींना कुलूप आहे ते बघा

फाइलच्या नावाचं शेपूट बघा. ‘एम४ए’ असेल तर सहसा काळजी नाही, ‘एम४पी’ असेल तर कुलूप आहे. एकेक फाइल तपासत बसू नका. आयट्यून्स किंवा ॲपलच्या म्यूझिक ॲपमध्ये गाण्यांच्या यादीत ‘काइंड’ हा रकाना दाखवायला सांगा आणि त्यावर क्लिक करा, सारख्या फायली एकत्र येतील. ‘पर्चेस्ड एएसी’ (एएसी हा गाण्याच्या फाइलचा एक प्रकार) म्हणजे विकत घेतलेली, मोकळी फाइल. तिच्यात तुमच्या खात्याची खूण असते, पण कुलूप नसतं. ‘प्रोटेक्टेड एएसी’ म्हणजे विकत घेतलेली, पण बंद. ‘ॲपल म्यूझिक एएसी’ म्हणजे मासिक वर्गणीवर उतरवलेली. ती तुमची नाहीच, भाड्याची आहे.

खरेदीची तारीखही बरंच सांगते. आयट्यून्स स्टोअर एप्रिल २००३ मध्ये सुरू झालं तेव्हा सगळी गाणी कुलपासकट मिळत. मे २००७ पासून ईएमआय या रेकॉर्ड कंपनीची गाणी मोकळी मिळू लागली आणि २००९ च्या एप्रिलपर्यंत दुकानातल्या सगळ्याच गाण्यांचं कुलूप गेलं. त्यानंतर तिथून घेतलेलं गाणं डेकवर अडत असेल तर कारण दुसरीकडे शोधा.

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डब्ल्यूएमए फायलींचं शेपूट काहीच सांगत नाही, बंद आणि मोकळी दोन्ही सारखीच दिसतात. विंडोजमध्ये फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’वर जा, ‘प्रोटेक्टेड’समोर होय की नाही ते कळेल.

दुसरी पायरी: आधी मोकळी प्रत मिळते का बघा

कुलूप काढण्यापेक्षा फाइल बदलणं सोपं. २००९ च्या आधी घेतलेली गाणी त्याच खात्यातून पुन्हा उतरवून बघा. आधी एकाच गाण्यावर प्रयोग करा: जुनी फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये जपून ठेवा, नवी उतरवा आणि ‘काइंड’ बघा. नवी प्रत मोकळी आली तर ती २५६ केबीपीएसची (सेकंदाला इतके किलोबिट) असते, जुनी १२८ ची होती. म्हणजे आवाजही सुधारला. तसं झालं नाही तर आयट्यून्स मॅच ही वार्षिक वर्गणीची सेवा आहे. दुकानात जुळणारं गाणं सापडलं की ती मोकळी प्रत उतरवू देते.

माझा हिशेब सरळ आहे. महिन्यातून एकदा तरी वाजवतो ते गाणं मी बीटपोर्ट, बँडकॅम्प किंवा ॲमेझॉनवरून सरळ पुन्हा विकत घेतो. घेताना लांबी जुळवून बघा. लांबलचक एक्स्टेंडेड मिक्सऐवजी आखूड रेडिओ एडिट गळ्यात पडायला वेळ लागत नाही.

तिसरी पायरी: काहीच जमलं नाही तर सीडी

काही गाणी दुकानांतून गायबच झालेली असतात. त्यांच्यासाठी दुकानानेच ठेवलेली वाट म्हणजे ऑडिओ सीडी. संगणक त्या खात्याला जोडलेला हवा. एका खात्यावर पाचच संगणक चालतात. भाड्याच्या गाण्यांना ही सोय नाही.

1. गाण्यांची प्लेलिस्ट करा, एकूण वेळ ८० मिनिटांच्या आत ठेवा. कुलूपबंद गाणी असलेली तीच प्लेलिस्ट सातपेक्षा जास्त वेळा बर्न होत नाही.
2. बर्न करताना ‘ऑडिओ सीडी’ निवडा. एमपी३ सीडीवर ही गाणी चढणार नाहीत. दोन गाण्यांमधली फट शून्य करा आणि ‘साउंड चेक’ बंद ठेवा, नाहीतर गाण्यांची मूळ पातळी बदलते.
3. पुन्हा पुसता येणारी सीडी वापरा, एकीवर सगळं काम होतं.
4. तीच सीडी त्याच संगणकावर रिप करा (गाणी फायली म्हणून परत उतरवा), म्हणजे गाण्यांची नावं परत येतात. दुसऱ्या संगणकावर ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशी रांग मिळेल.
5. रिप करताना एआयएफएफ हा न दाबलेला प्रकार निवडा. एमपी३ केलंत तर आधीच दाबलेला आवाज पुन्हा दाबला जातो. वेव्ह हा तसाच प्रकारही चालतो, पण त्यात नाव-कलाकार नीट टिकत नाहीत.

फाइल मिनिटाला १० एमबीच्या आसपास होईल. म्हणून आवाज सुधारला असं समजू नका, आत १२८ चंच गाणं आहे. घरच्या स्पीकरवर कळत नाही. मोठ्या सिस्टिमवर हाय-हॅट (ड्रमची झांज) पाण्यात भिजल्यासारखी वाजते.

कुलूप तोडून देणारी सॉफ्टवेअरही मिळतात. बऱ्याच देशांत गाणं तुमचं असलं तरी कुलूप तोडणं हाच गुन्हा धरला जातो, आणि असल्या डाउनलोडबरोबर आणखी काय येईल याचा नेम नाही. मी त्या वाटेला जात नाही.

चौथी पायरी: फाइल बदलली की बीटग्रिड तपासा

बीटग्रिड म्हणजे ठोक्यांवर बसवलेल्या रेषा, क्यू म्हणजे गाण्यात उडी मारायला लावलेल्या खुणा. इथे अनुभवी माणसंही फसतात. सीडीवरून आणलेल्या फाइलवर क्यू लावले आणि पुढे तेच गाणं एमपी३ मध्ये विकत घेतलं, तर सगळे क्यू किंचित सरकलेले दिसतील. एमपी३ करताना सुरुवातीला बारीकशी शांतता चिकटते आणि ती कशी धरायची हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपापलं ठरवतं. फरक बरेचदा २६ मिलिसेकंदांच्या घरात असतो. १२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्यामुळे आकडा किरकोळ वाटतो, पण दोन किक (बास ड्रमचे ठोके) एकमेकींवर ठेवल्या की ‘धप्प’ऐवजी ‘ध-धप्प’ ऐकू येतं. पहिली किक मोठी करून बघा, ग्रिड तिच्या टोकावर ओढा, मग क्यू.

स्ट्रीमिंगवर किती भिस्त ठेवावी

मार्च २०२५ पासून ॲपल म्यूझिक सेराटो, रेकॉर्डबॉक्स आणि इतर काही डीजे सॉफ्टवेअरमध्ये थेट जोडता येतं. भाड्याची गाणी वाजवायची तीच वाट. सहसा सेट रेकॉर्ड करता येत नाही, आणि नेट गेलं की डेक गप्प. करार बदलला तर आख्खी यादीच जाते: स्पॉटिफाय जुलै २०२० मध्ये डीजे सॉफ्टवेअरमधून बाहेर पडलं आणि परतायला २०२५ उजाडलं. नवी गाणी चाखायला स्ट्रीमिंग उत्तम. ज्या गाण्यावर कार्यक्रम उभा आहे, ते स्वतःच्या डिस्कवर मोकळ्या फाइलमध्येच असू द्या.

आणि जुना लॅपटॉप विकण्याआधी त्याला खात्यातून सोडवायला विसरू नका. पाचांतली एक जागा उगाच अडकून राहते, आणि नेमकी सीडी बर्न करायच्या दिवशी ते लक्षात येतं.