साथीच्या काळात शाळेने आजारपणाचे नियम कसे ठरवावेत

इंदूरच्या एका शाळेत मी उपप्राचार्य आहे. कोरोनानंतर शाळा पुन्हा उघडली तेव्हा आजारपणाची नियमावली करायचं काम माझ्याकडे होतं. पुढची साथ येईल तेव्हा कुणाला तरी उपयोगी पडावी म्हणून ती इथे मांडते आहे.

सुरुवात थर्मामीटरपासून नको, हजेरीपासून करा. शंभर टक्के हजेरीचं प्रशस्तिपत्र देत असाल तर साथ संपेपर्यंत ते बंद. त्या कागदापायी अंगात कणकण असलेलं पोर सकाळी प्रार्थनेच्या रांगेत येऊन उभं राहतं. पगाराचंही तेच. कायम शिक्षकांना रजा असते. अतिथी शिक्षक, शिपाई आणि साफसफाईच्या मावशींचा मात्र खाड्याचा पगार कापला जात असेल, तर घसा धरलेला असला तरी ते येणारच आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. आजारपणाच्या दिवसांचे पैसे कापणार नाही, हे व्यवस्थापनाकडून लेखी घ्या. माझ्या मते सगळ्या नियमावलीत हे एक कलम सर्वांत महत्त्वाचं आहे. ते नसेल तर बाकीची कलमं फक्त सूचना फलकावर राहतात.

आता घरी कुणी थांबायचं ते. ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, नवा खोकला, उलट्या-जुलाब, धाप लागणं, यांपैकी काहीही असेल तर शाळेत यायचं नाही. ताप आलेल्याने परत यायचं ते औषध न घेता 24 तास ताप नसेल तेव्हाच. 'औषध न घेता' हे शब्द ठळक छापा. पॅरासिटामॉल देऊन पाठवलेलं मूल पहिल्या तासाला छान दिसतं. गोळीचा असर चार ते सहा तासांचा, त्यामुळे मधल्या सुट्टीनंतर ते बाकावर डोकं टेकतं. तोवर शेजारच्याशी डबा वाटून खाल्लेला असतो. अशा आईला फोनवर रागावू नका, तिलाही कामावर जायचं असतं. त्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीलाच दोन नंबर घ्या, त्यातला एक अर्ध्या तासात शाळेत पोहोचू शकेल अशा माणसाचा.

विलगीकरणाचे दिवस छापू नका, तिथे रिकामी जागा ठेवा. सरकारी सूचना आली की तारखेसह आकडा भरायचा. कोरोनातच हे दिवस 10 वरून जानेवारी 2022 मध्ये 7 वर आले आणि शेवटचे तीन दिवस ताप नसेल तर पुन्हा तपासणीही नको, असं ठरलं. म्हणून परत येताना निगेटिव्ह रिपोर्ट मागू नका. 'मुलांना काही होत नाही' हेही गृहीत धरू नका. 2009 च्या स्वाइन फ्लूत देशातला पहिला बळी पुण्यातल्या 14 वर्षांच्या शाळकरी मुलीचा होता. प्रत्येक साथीचं वागणं वेगळं असतं.

फाटकावर कपाळाचा ताप मोजत असाल तर मुलांना आधी दहा मिनिटं सावलीत बसवा. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हातून आलेलं कपाळ तापलेलंच असतं, आणि जानेवारीत टाटा मॅजिकच्या दाराशी वारा खात आलेल्या मुलाचा खरा ताप लपतो. शंका आली तर काखेत साधा थर्मामीटर लावून बघा.

आजारी मुलासाठी तळमजल्यावर, फाटकाजवळची, खिडकी असलेली खोली ठेवा. स्टाफ रूमचा कोपरा चालणार नाही. मुलाला मास्क द्या (पाचाच्या आतल्याला नको), मोठं माणूस मास्क लावून दाराशी बसेल आणि मुलाशी बोलत राहील. एकट्याला डांबल्यासारखं वाटता कामा नये. पालकांना विचारल्याशिवाय औषध देऊ नका.

वर्गाच्या पालकांना त्याच दिवशी निरोप जावा. आमचा मजकूर असा: 'आपल्या पाल्याच्या वर्गात एकाला लागण झाली आहे. ताप, खोकल्यावर लक्ष ठेवा, लक्षणं दिसल्यास घरी ठेवा. कोण आजारी आहे याची चौकशी कृपया करू नये.' खाली हाच मजकूर हिंदीत. नाव कुणी कितीही खोदून विचारलं तरी सांगायचं नाही, व्यवस्थापनातल्या माणसालाही नाही.

वर्गाच्या खिडक्या डिसेंबरातही उघड्या राहू द्या आणि त्यासाठी गणवेशाच्या स्वेटरचा हट्ट सोडा. घरात असेल त्या रंगाचं, दोन घालून आलं तरी चालेल. डबा खाताना मास्क उतरतात, म्हणून तो व्हरांड्यात किंवा मैदानावर, अंतर ठेवून खाऊ द्या.

घरी असलेल्या मुलाचा अभ्यास व्हॉट्सॲपवर सोडून देऊ नका. कित्येक घरांत एकच फोन असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. झेरॉक्स काढून पाकिटावर वर्ग लिहा आणि चौकीदाराकडे ठेवा, शेजारपाजारचं कुणीही नेऊ शकेल.

राहिले व्हॅनवाले. ते शाळेचे नोकर नसले तरी आपलीच मुलं त्यांच्याकडे दाटीवाटीने बसतात. नियमांची हिंदी प्रत प्रत्येकाच्या हातात द्या, काचा खाली ठेवायला सांगा, आणि ड्रायव्हर आजारी पडला तर त्या फेरीची मुलं कोण आणणार हे पालकांबरोबर आधीच ठरवून ठेवा.